आधी नाव, मग माती: स्मृतिभिंत करू पाहणाऱ्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
२७ जानेवारीच्या निमित्ताने दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या ज्यू मुलांची स्मृतिभिंत करू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील शाळांचे मुख्याध्यापक, कलाशिक्षक आणि व्यवस्थापन समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही मातीकाम आणि चित्रकला शिकवणारी मंडळी आहोत. अशा प्रकल्पांच्या आराखड्यांत माती किती, रंग कोणते, पाहुणे कोण हे सगळं असतं. भिंतीवर कोणाची नावं येणार हे मात्र बहुतेकदा नसतं. ‘१५ लाख मुलांच्या स्मरणार्थ एक हजार फुलपाखरं’ एवढ्यावर भागवलेलं असतं. आमची विनंती साधी आहे. हजार निनावी फुलपाखरं करण्यापेक्षा चाळीस-पन्नास मुलांची नावं करा, एका फरशीवर एकच मूल, आणि ती नावं आज सहावीत असलेल्या मुलांच्या मुलांनाही वाचता येतील अशी करा.

हा आग्रह मुळात चित्रकार आणि शिक्षिका फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांचा. त्यांचा जन्म १८९८ चा, व्हिएन्नाचा. वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत त्या योहानेस इटेन यांच्या हाताखाली शिकल्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना तेरेझिनला धाडलं. प्रागच्या वायव्येला साधारण ६० किलोमीटरवरचं हे तटबंदीचं गाव नोव्हेंबर १९४१ पासून मे १९४५ पर्यंत ज्यूंना कोंडण्यासाठी वापरलं गेलं, आणि तिथून पूर्वेकडे, पुढे मुख्यतः आउशवित्झच्या मृत्युछावणीकडे, गाड्या सुटत राहिल्या. माणशी ५० किलो सामान न्यायची मुभा होती. फ्रीडलबाईंनी त्यात चित्रकलेचं साहित्य भरलं. एल ४१० या मुलींच्या वसतिगृहात त्यांनी वर्ग घेतले. कागद म्हणजे कचेरीतले पाठकोरे फॉर्म आणि पुडक्यांची वेष्टनं. वर्गाचा एक नियम होता: चित्रावर आपलं नाव घालायचं. ६ ऑक्टोबर १९४४ च्या गाडीने त्यांना आउशवित्झला नेलं आणि ९ ऑक्टोबरला मारलं. मागे दोन सूटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रं राहिली. युद्धानंतर ती प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचली आणि आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्या सह्या गाड्यांच्या याद्यांशी ताडून पाहता आल्या, म्हणूनच एखाद्या चित्राखालची मुलगी कुठली, कधी जन्मली, कोणत्या दिवशी तिला नेलं, हे आज सांगता येतं. सह्या नसत्या तर चित्रं उरली असती आणि मुलं हरवली असती.

म्हणून पहिले दोन आठवडे मातीला हात लावू नका, नावं शोधा. येरुशलायमच्या याद वाशेम संस्थेच्या ऑनलाइन नोंदींत ४८ लाखांहून अधिक बळींची नावं आहेत. चेक मुलांसाठी प्रागच्या तेरेझिन इनिशिएटिव्ह इन्स्टिट्यूटची नोंदवही जास्त नेमकी आहे. तिच्यात जन्मतारीख, शेवटचा पत्ता, कोणत्या गाडीने कुठून कुठे नेलं आणि पुढे काय झालं एवढं मिळतं. शेवटचा रकाना वाचल्याशिवाय नाव निश्चित करू नका. तेरेझिनमध्ये चित्र काढणारी सगळीच मुलं मारली गेली नाहीत. हेल्गा वाइसोवा तिथे चित्रं काढत होत्या, वाचल्या आणि पुढे चित्रकार झाल्या. वाचलेल्या माणसाचं नाव मृतांच्या भिंतीवर घालणं ही चूक कोणत्याही माफीने भरून येत नाही.

एका वर्गाला झेपेल असा पूर्ण गट हवा असेल तर दोन सुचवतो. फ्रान्समधल्या इझियू गावच्या बालगृहातून ६ एप्रिल १९४४ रोजी नाझी अधिकारी क्लाउस बार्बीच्या हुकमाने ४४ मुलांना नेलं; त्यातलं एकही परतलं नाही. हाम्बुर्गच्या बुलेनहुझर डाम इथल्या शाळेच्या तळघरात २० एप्रिल १९४५ च्या रात्री २० मुलांना मारलं, दहा मुलगे आणि दहा मुली. दोन्ही ठिकाणी आज स्मारक आहे, सगळी नावं प्रसिद्ध आहेत. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं असतील तर इझियूचा गट नेमका बसतो. प्रत्येकाच्या वाट्याला एक मूल येतं आणि एकही मूल सुटत नाही. तेरेझिनमधून निवडणार असाल तर प्रसिद्ध मुलांच्या मागे लागू नका. पेत्र गिन्झचं चित्र ठाऊक नाही असा अभ्यासक विरळा. चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीच्या त्या चित्राची प्रत २००३ मध्ये इस्रायली अंतराळवीर इलान रमोन यांनी कोलंबिया यानातून नेली, ज्या यानात कल्पना चावला होत्या. त्याची आठवण जगाने ठेवली आहे. ज्यांचं एकच चित्र उरलंय किंवा तेही नाही, अशी मुलं तुमच्या भिंतीवर येऊ द्या.

नावं लिहिताना ती ‘सुधारू’ नका. पेत्र हा पेत्रच राहू द्या, त्याचा पीटर करू नका. चेक मुलींच्या आडनावाला शेवटी ‘ओवा’ लागतं. वडील ताउसिग आणि मुलगी ताउसिगोवा असं दिसलं तर ती टंकलेखनाची चूक समजू नका. देवनागरीच्या खाली मूळ रोमन लिपीतलं नाव त्यातल्या खुणांसकट हवंच, कारण उद्या कोणी नातेवाईक शोधत आला तर त्याला तेच ओळखू येईल. गाडीचा क्रमांक, कैदी क्रमांक फरशीवर घालू नका. ज्या आकड्यांनी त्यांची नावं पुसली ते पुन्हा कोरायचं कारण नाही.

फुलपाखराबद्दल थोडं. हे चिन्ह तेरेझिनमध्ये लिहिलेल्या एका कवितेमुळे जगभर रूढ झालं. तिचा कवी पावेल फ्रीडमन ती लिहिताना, जून १९४२ मध्ये, २१ वर्षांचा होता. ‘एका चिमुकल्याने लिहिलेली कविता’ असं फलकावर छापू नका. फुलपाखरू करायचंच असेल तर हरकत नाही, पण मातीत त्याच्या मिशा आणि पंखांची टोकं आधी सुकतात आणि आधी तुटतात. आमची पसंती साध्या चौकोनी फरशीला आहे: वरच्या भागात चित्र, खाली नाव.

चित्र कशाचं? तेरेझिनच्या मुलांनी प्रामुख्याने घरं, बागा, जेवणाची टेबलं, प्राणी, सणवार काढले. फ्रीडलबाई त्यांना नकला करायला लावत नसत. आधी हात मोकळा करणाऱ्या लयबद्ध रेषा, मग रद्दी कागदाचं कोलाज, समोर ठेवलेल्या वस्तूचं चित्र. तोच क्रम तुमच्या वर्गात चालेल. विद्यार्थ्याने आपल्या वाट्याच्या मुलाचं गाव नकाशात शोधावं, ते नदीकाठी होतं की डोंगरात, घर कोणत्या रस्त्यावर होतं हे पाहावं आणि त्यातून एक वस्तू निवडावी. काटेरी तारा, धुराडी, ज्यूंना कपड्यांवर लावायला लावलेला पिवळा तारा नको. ती मारेकऱ्यांनी उभी केलेली सामग्री आहे आणि बारा वर्षांचा हात ती सहज गिरवतो, कारण सिनेमात तीच दिसते.

वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालय हा विषय सहावीपासून पुढे शिकवावा असं सुचवतं आणि प्रसंगाचं नाट्यीकरण टाळायला सांगतं. दोन्ही सूचना कसोशीने पाळा. मुलांच्या शर्टाला तारे टाचून, त्यांना रांगेत उभं करून ‘अनुभव’ देऊ नका; त्यातून काही मुलं घाबरतात आणि काहींना तो खेळ वाटतो. आपल्याकडची आणखी एक गोष्ट वर्गात बोलावीच लागेल. कडक शिक्षकाला ‘हिटलर’ म्हणणं, शिस्त लावायला ‘असाच माणूस हवा’ म्हणणं हे आपल्या घराघरांत चालतं. प्रकल्पाच्या पहिल्याच तासाला त्यावर बोला. स्वस्तिकाचा प्रश्न मुलं विचारतीलच: उंबऱ्यावरचं आपलं स्वस्तिक आणि नाझींचं काळं, तिरकं उभं केलेलं चिन्ह यांतला फरक सांगा, आणि ते चिन्ह फरशीवर, फलकावर, पॉवरपॉइंटवर कुठेच वापरू नका.

आता माती. कुंभारवाड्यातली लाल माती स्वस्त पडते, पण साध्या भट्टीत ती ७००-८०० अंशांपर्यंतच भाजते आणि सच्छिद्र राहते. दोन पावसाळ्यांत तिच्यावर शेवाळ धरतं, मग लोणा फुटतो आणि सर्वांत आधी अक्षरांच्या कडा झडतात. व्हरांड्यात, पाऊस न लागणाऱ्या जागी ती चालेल. उघड्यावर स्टोनवेअर हवं, १२०० ते १२२० अंशांवर भाजलेलं. एवढी भट्टी कला महाविद्यालयांच्या सिरॅमिक विभागांत असते. दिवाळीच्या सुट्टीआधीच तारीख मागून घ्या. मातीत १५ ते २० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, असलेली पाहून घ्या. तिच्यामुळे वाकणं कमी होतं.

१२ सेंटिमीटर चौरस आणि ८ मिलिमीटर जाडीच्या एका ओल्या फरशीला साधारण २२० ग्रॅम माती लागते, कातरण धरून ३०० ग्रॅम. ४४ फरशांना १३ किलो होते, पण २० किलो आणा, कारण प्रत्येक नावाची नाही तरी दर चार नावांमागे एक जादा फरशी करावीच लागते. वाळणं आणि भाजणं मिळून १० ते १२ टक्के आकसते, म्हणजे शेवटी हातात साडेदहा-पावणेअकरा सेंटिमीटरची फरशी येते.

माती मळून दोन ८ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांमध्ये, कापडावर ठेवून लाटण्याने लाटा. दर दोन-तीन फेऱ्यांनी लादी फिरवून आणि उलटी करून लाटा. एकाच दिशेने लाटलेली लादी एका बाजूने जास्त आकसते आणि चौकोन तिरका होतो. लादी कधीही कोपऱ्याला धरून उचलू नका, खाली फळी सरकवा. ओली असताना पडलेला बाक हाताने सपाट करता येतो, पण माती तो विसरत नाही. भट्टीतून फरशी त्याच बाजूला वाकून बाहेर येते.

नाव कोरण्याची वेळ हा साऱ्या कामाचा कळीचा भाग आहे. माती कातड्यासारखी झाली पाहिजे: अंगठा दाबला तर ठसा उठत नाही, पण नखाची रेघ उमटते. त्याआधी कोरलं तर रेघेच्या दोन्ही कडांना माती वर येऊन अक्षर बुजतं, नंतर कोरलं तर कपच्या उडतात. सुईने कोरू नका. बॉलपेनच्या रिकाम्या रिफीलने गोल तळाची, दीड-दोन मिलिमीटर खोल रेघ येते. कडेला उठलेला कणी लगेच बोटाने दाबू नका, पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने झाडा.

देवनागरीत जास्त काळजी लागते. रोमन अक्षरं ९ मिलिमीटर उंचीची असली तरी वाचता येतात. देवनागरीचा मुख्य देह किमान १२ मिलिमीटर हवा आणि वर मात्रा-वेलांटीसाठी ६ मिलिमीटर मोकळे. दोन रेघांमध्ये २ मिलिमीटरपेक्षा कमी माती उरली तर मधली भिंत पडते. ‘ष’, ‘ण’ आणि जोडाक्षरं इथेच बिघडतात. अनुस्वार रिफीलच्या टोकाने दिला तर भाजल्यावर टाचणीएवढा उरतो आणि काळा रंग भरताना नाहीसा होतो. तो अडीच-तीन मिलिमीटरच्या गोल काडीने दाबून द्या. फ्रीडमनचं ‘फीडमन’ आणि ब्रँडाइसचं ‘ब्रॅडाइस’ असंच होतं. प्रत्येक नाव कोरण्याआधी त्याच मापात कागदावर काढा, दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या, मग कागद मातीवर ठेवून टोचून घ्या. फरशीच्या मागे अनुक्रमांक आणि करणाऱ्या विद्यार्थ्याची आद्याक्षरं. पुढे फक्त एकच नाव असेल.

वाळवणं घाईत होत नाही. पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली, नंतर वर्तमानपत्राच्या दोन थरांमध्ये आणि वर हलकी फळी, रोज उलटून. कोरड्या हवेत आठ-दहा दिवस. पावसाळ्यात तीन आठवडेही लागतात, म्हणून हे काम ऑक्टोबरनंतर घ्या. पंखा लावला की कडा आधी सुकतात आणि कोपरे बशीसारखे वर येतात. फरशी गालाला लावून पाहा. गार लागली तर आत पाणी आहे. भट्टीत फरशी फुटली की दोष हवेच्या बुडबुड्याला दिला जातो, पण फोडते ती आत राहिलेल्या पाण्याची वाफ. म्हणून पहिल्या भाजणीत ८५-९० अंशांवर चार तास थांबा, तिथून ६०० पर्यंत तासाला ६०-८० अंश, पुढे तासाला १०० प्रमाणे ९५० पर्यंत. ५७३ अंशांपाशी मातीतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान एकदम बदलतं. चढताना आणि उतरताना तिथे घाई केली की फरशी आरपार तडकते. ८० अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडू नका, कितीही उत्सुकता असली तरी.

पहिल्या भाजणीनंतर कोरलेल्या अक्षरांत तयार काळा अंडरग्लेझ, म्हणजे भाजणीत टिकणारा रंग, ब्रशने भरा आणि पृष्ठभाग ओलसर स्पंजने पुसून घ्या; रंग रेघांतच राहतो. चित्राला निळा, तपकिरी, काळा, हिरवा भरवशाचे; बरेचसे लाल-गुलाबी १२०० अंशांवर उडून जातात, आधी एका तुकड्यावर तपासा. पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, द्यायचं तर शिसंविरहित आणि फक्त चित्रावर. नावावर ग्लेझ दिलं की ते रेघांत साचतं आणि तिरप्या उन्हात फरशी चमकते, अक्षर दिसत नाही. यानंतरची दुसरी भाजणी १२०० ते १२२० अंशांवर. स्टोनवेअर या तापमानाला घट्ट होतं, त्याला ग्लेझची गरजही नाही. वर्ग झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीची धूळ मुलांच्या छातीसाठी वाईट.

भिंतीकडे वळण्याआधी प्रागच्या पिंकास सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाची हकिगत लक्षात घ्या. १९५४ ते १९५९ दरम्यान बोहेमिया-मोराव्हियातल्या जवळपास ८० हजार बळींची नावं तिथल्या भिंतींवर हाताने रंगवली गेली. जमिनीतलं पाणी भिंतींत चढलं, १९६८ मध्ये वास्तू बंद करावी लागली आणि नावं नष्ट झाली. १९९२ ते १९९६ मध्ये ती पुन्हा एकेक करून लिहिली. २००२ च्या पुराने परत इजा झाली. इतकं मोठं, इतक्या निगुतीने केलेलं काम ओलीने गिळलं. शाळेच्या प्लास्टरवर थेट चिकटवलेल्या फरशांचा काय पाड? शिवाय शाळेची भिंत दर काही वर्षांनी रंगवली जाते, कधी पाडलीही जाते.

त्यामुळे फरशा भिंतीला लावूच नका. १२ मिलिमीटर जाडीच्या सिमेंट फायबर बोर्डवर बसवा आणि बोर्ड भिंतीपासून २ सेंटिमीटर पुढे ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि इमारत बदलली तर स्मारक उचलून नेता येतं. ४४ फरशा, अकराच्या चार ओळी, मध्ये चार-चार सेंटिमीटर मोकळे: १५८ बाय ५५ सेंटिमीटर जागा होते. बोर्ड १८० बाय ७५ चा घ्या. फरशा-चिकटीसह वजन ३५ किलोच्या आसपास जातं. सहा बोल्ट पुरतात, ते स्टेनलेस ३०४ चे, कोकणात आणि मुंबईत ३१६ चे. साध्या लोखंडी खिळ्याचा गंज पहिल्याच पावसात नावावरून ओघळतो. चिकटवायला पॉलिमरयुक्त टाइल अॅडहेसिव्ह, ६ मिलिमीटर दात्यांच्या थापीने, फरशीच्या पूर्ण पाठीला. चार कोपऱ्यांना चार गोळे लावायची गवंड्यांची सवय इथे चालणार नाही, मागच्या पोकळीत पाणी साठतं. दुसऱ्या दिवशी नाण्याने हलकं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर फरशी काढून पुन्हा लावा. खालची ओळ जमिनीपासून एक मीटरवर असली की मुलांच्या नजरेला येते. नैऋत्येकडे तोंड असलेली भिंत टाळा.

समारंभाबद्दल मोजकंच. २७ जानेवारी ही १९४५ मध्ये आउशवित्झ मुक्त झाल्याची तारीख. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ती जागतिक स्मरणदिन म्हणून जाहीर केली. आदल्या दिवशीच्या प्रजासत्ताक दिनाच्या पताका आणि फुगे रात्रीच उतरवा. पाहुण्यांचे फोटो असलेला फ्लेक्स नको. तेरेझिनची चित्रं परवानगीशिवाय छापू नका, ती संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. फलकाला हार, हळदकुंकू, नारळ नको. ज्यू रीतीत कबरीवर लहान दगड ठेवतात, मुलांना तसं करू द्या. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग, पेण या भागांत बेने इस्रायल या ज्यू समाजाची कुटुंबं आहेत, मराठी बोलणारी. त्यांना आधी विचारा, कार्यक्रम ठरवून मग निमंत्रण पाठवू नका. तारीख शनिवारी येत असेल, जशी २०२९ मध्ये येते, तर कार्यक्रम रविवारी घ्या. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांना येता येणार नाही.

कोल्हापूर भागातल्या शाळांना एक जोड. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. कोल्हापूरकरांनी त्यांना जपलं याचा अभिमान रास्तच आहे. पण ते बहुतांश कॅथलिक होते आणि सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेले होते. त्यांची कथा वेगळी सांगा. या भिंतीवर ती मिसळलीत तर दोन्हीकडच्या लोकांवर अन्याय होईल.

शेवटची गोष्ट वहीची. जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत अनुक्रमांकाप्रमाणे प्रत्येक मुलाचं नाव दोन्ही लिप्यांत, जन्म, गाव, मृत्यूची नोंद, माहिती कुठून घेतली, फरशी कोणी केली हे लिहा. एक प्रत ग्रंथालयात, एक मुख्याध्यापकांच्या कपाटात. उरलेल्या कोऱ्या भाजक्या फरशा, काळ्या अंडरग्लेझची बाटली आणि अक्षरांचे कागदी नमुने एका पेटीत घालून तिच्यावर या वहीचा क्रमांक टाका. दरवर्षी पावसाळा संपला की नवी सहावी बोर्डसमोर उभी करा, फरशा मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने धुऊन घ्या (अॅसिड नको), आणि वही हातात धरून प्रत्येक नाव फरशीवरून वाचून घ्या. जे वाचताना मूल अडखळेल ते अक्षर त्याच आठवड्यात दुरुस्त करा.

आपली,
मातीकाम आणि चित्रकला शिकवणारी मंडळी